डायलिसिस सुटलं, मग किडनी अजून आजारी कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ ३८ वर्षांचा, सिंधुदुर्गात शेती. गेल्या ऑगस्टमध्ये भाताची बेणणी करताना पायाला घोणस चावली. प्रतिविष मिळालं, पण दुसऱ्या दिवसापासून लघवी बंद. १९ दिवस जवळजवळ थेंबावरच. कोल्हापूरला नेऊन ११ वेळा डायलिसिस. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर काढते तो टाकाऊ घटक, ९.२ पर्यंत चढलं होतं, घरी येताना २.१ आणि पुढे महिन्याभराने १.४. ‘आता नॉर्मलच समजा’ असं सांगितलं गेलं, म्हणून तपासण्या थांबल्या. आता आठ महिन्यांनी गावातल्या शिबिरात बीपी १५०/९६, क्रिएटिनिन १.६, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दोन प्लस, आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या पावणेनऊ सेंटीमीटरच्या. शब्द कानावर आला ‘सीकेडी’, म्हणजे किडनीचा कायमचा विकार. तुम्ही विचारताय की बरी झालेली किडनी परत कशी बिघडली, डायलिसिसमुळेच हे झालं का, पुढे पुन्हा डायलिसिस लागेल का, आणि यंदा त्याला शेतात उतरू द्यायचं का.

डायलिसिसचं आधी सांगतो, कारण घरात त्यावरूनच एकमेकांना बोल लावणं चालू असणार. ‘एकदा लावलं की सुटत नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. तुमच्या भावाचं ११ वेळांनी सुटलं, यातच निम्मं उत्तर आहे. किडनी बंद असताना रक्तातलं पोटॅशियम हृदय थांबवेल इतकं चढू शकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्या १९ दिवसांत डायलिसिस नसतं तर आज हा प्रश्न विचारायला कारणच उरलं नसतं. एक मात्र खरं आहे: डायलिसिस चालू असताना बीपी फार पडलं, तर सावरणाऱ्या किडनीला रक्त कमी पडून धक्का बसू शकतो, म्हणून आम्ही पाणी हळूहळू काढतो. पण मूळ घाव विषाचा आहे, मशीनचा नाही.

आता मुख्य गोष्ट. किडनी ‘परत’ बिघडलेली नाही. ती पूर्ण बरी झालीच नव्हती. १.४ या आकड्याने सगळ्यांची दिशाभूल केली.

तो आकडा कसा फसवतो ते बघा. चावण्याआधीचं क्रिएटिनिन कुणाकडेच नसतं, कारण धडधाकट शेतकरी रक्त तपासायला जात नाही. समजू की ते ०.९ होतं. ३८ वर्षांच्या पुरुषासाठी आजकाल वापरतात त्या सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज, साधारण ११२ येतो. क्रिएटिनिन १.४ झालं की तो ६६ होतो, आणि १.६ ला ५६. लॅबच्या कागदावर १.४ हे १.३ च्या वरच्या मर्यादेला चिकटून बसलेलं दिसतं, जणू परीक्षेत एका मार्काने नापास. प्रत्यक्षात गाळण्याची ताकद ४० टक्क्यांनी गेलेली असते.

शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. तुम्ही लिहिलंय की दवाखान्यात त्याचं वजन ११ किलोने उतरलं होतं. पाच आठवडे खाटेवर पडलेल्या माणसाचे स्नायू झडतात, क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे महिन्याभराचं ते १.४ खोटं गोड होतं. याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. आता तो जेवतोय, कामाला लागलाय, अंगात मांस भरलंय. तेव्हा १.४ वरून १.६ ही वाढ सगळीच्या सगळी किडनी ढासळल्याची नसेल, काही भाग स्नायू परतल्याचाही असेल. हा गुंता सोडवायचा तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. तालुक्याला मिळत नाही, पण मोठ्या लॅबचे लोक नमुना नेऊन पुण्या-मुंबईला पाठवतात. एकदा करून घ्या.

आता आत काय घडलं असावं ते सांगतो.

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा तरी त्यांना जातो. एवढं रक्त मिळूनही किडनीच्या आतल्या थरात प्राणवायूची कायम तंगी असते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा किडनीतल्या बारीक नळ्यांना परत शोषून घ्यावा लागतो. हे काम करणाऱ्या पेशी अखंड राबत असतात आणि राबायला त्यांना प्राणवायू लागतो. पुरवठा जरा आटला की पहिल्या त्याच मरतात. घोणशीच्या विषाने तर सगळ्या बाजूंनी घेरलेलं असतं. रक्त गोठवणारे घटक वापरले जाऊन संपतात, म्हणून एकीकडे हिरड्यांतून रक्त येतं, तर दुसरीकडे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या बसतात. बीपी पडतं. तांबड्या पेशी फुटून त्यांचं हिमोग्लोबिन नळ्यांत साचतं. आणि विष स्वतःही नळीच्या पेशींना थेट जाळतं. लघवी बंद होणं म्हणजे या सगळ्याची बेरीज.

मेलेल्या पेशी गळून पडल्यावर नळीचं नुसतं अस्तर उरतं. मग बचावलेल्या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. आपलं खास काम बाजूला ठेवतात, चपट्या होतात, विभागू लागतात आणि उघडं पडलेलं अस्तर झाकून काढतात. भाताचे मधलेच चार आवे मेले तर शेजारचे फुटवे जागा भरून काढतात, तसंच हे. झाकून झालं की पुन्हा मूळ कामाला लागतात. घाव हलका असेल, वय कमी असेल, अस्तर शाबूत असेल, तर दोन-तीन आठवड्यांत लघवी सुरू होऊन किडनी खरोखर बरी होते. असे पेशंट मी भरपूर पाहिले आहेत.

पण घाव खोल असेल किंवा एकावर एक धक्के बसले, तर काही पेशी या दुरुस्तीत मध्येच अडकतात. विभागायची तयारी झालेली असते, पण विभागत नाहीत. मरतही नाहीत आणि जुन्या कामावरही परतत नाहीत. २०१० मध्ये बॉस्टनच्या जोसेफ बॉनव्हेंत्रे यांच्या गटाने उंदरांच्या किडनीत हे दाखवलं, की अशा अडकलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आजूबाजूला सतत ‘जखम आहे, वण भरा’ असे रासायनिक निरोप सोडत राहतात. ते निरोप ऐकून सूज आणणाऱ्या पेशी येतात. बारीक केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी आपली जागा सोडतात आणि तंतू विणायला लागतात. आधार गेलेल्या केशवाहिन्या हळूहळू नाहीशा होतात. केशवाहिन्या कमी म्हणजे प्राणवायू आणखी कमी, आणि मग शेजारची चांगली नळीही गुदमरते. आग विझली असं आपण म्हणतो, पण भुशात विस्तव धुमसतच असतो. सर्प केव्हाच गेला, विष उतरलं, लघवी छान होतेय, आणि आत वण पसरतोय. दुखत काहीच नाही.

यावर दुसरं संकट बेरजेचं. माणसाला जन्माआधीच, गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत, जेवढे नेफ्रॉन (एक गाळणी आणि तिची नळी मिळून एक) मिळायचे तेवढे मिळतात. एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास. नवे पुढे कधीच बनत नाहीत. नळी दुरुस्त होऊ शकते, गेलेला अख्खा नेफ्रॉन परत येत नाही. उरलेल्यांवर सगळा भार येतो. प्रत्येक गाळणीतला दाब वाढतो, ती ताणली जाते आणि तिच्यातून अल्ब्युमिन गळायला लागतं. तुमच्या कागदावरचे ते दोन प्लस म्हणजे हेच. हे गळणारं प्रथिन पुन्हा नळ्यांना त्रास देतं. बीपी वाढतं, आणि वाढलेलं बीपी त्याच गाळण्यांवर आदळतं. इथपासून पुढे किडनी बिघडायला बाहेरच्या शत्रूची गरज राहत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. ती पेशंट न पाहता लिहितोय, तेव्हा शंका म्हणूनच घ्या. १९ दिवस थेंबभर लघवी आणि आठ महिन्यांत पावणेनऊ सेंटीमीटर. आपल्याकडच्या धडधाकट पुरुषाची किडनी साधारण नऊ ते अकरा सेंटीमीटरची असते. त्यामुळे घोणशीच्या विषानंतर अशा आकाराच्या किडन्या दिसल्या की ‘कॉर्टिकल नेक्रोसिस’ मनात येतं. म्हणजे नुसत्या नळ्याच नाहीत, तर किडनीच्या बाहेरच्या थराचे काही तुकडे गाळण्यांसकट मेले. सगळा थर मेला तर डायलिसिस कधीच सुटत नाही. ठिकठिकाणचे तुकडे मेले तर उरलेल्या भागावर माणूस डायलिसिसमधून बाहेर येतो, वर्षानुवर्षं चालतो, पण मूळ पदावर येत नाही. तेव्हा बायोप्सी का केली नाही, असं तुम्ही विचारलंय. रक्त गोठत नसताना किडनीत सुई घालणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी केली नाही ते बरोबरच. आता केली तरी वण दिसेल, उपचार बदलणार नाहीत. मी सुचवणार नाही.

मी शिकत होतो तेव्हा आम्हाला सांगत, की नळ्यांच्या घावातून पेशंट वाचला तर किडनी पूर्ण बरी होते. ही समजूत फार जुनी. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बफेकीत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांच्या किडन्या कशा बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील यांनी लिहिलं. पुढे डायलिसिस आलं, लोक वाचू लागले, लघवी सुरू झाली की घरी जाऊ लागले. घरी गेलेल्यांना दहा वर्षांनी कोण बघणार? ते बघायला लागले गेल्या पंधरा-वीस वर्षांत. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून निघालेला निष्कर्ष असा होता, की अचानक किडनी बिघडून गेलेल्यांना पुढे कायमचा किडनी-विकार होण्याचा धोका इतरांच्या जवळपास नऊ पट असतो. या आकड्याने घाबरू नका. त्यातले बरेच पेशंट वयस्कर होते, अनेकांना आधीपासूनच मधुमेह किंवा हृदयविकार होता, आणि त्या अंदाजात चूकभूलही मोठी धरली होती. तुमचा भाऊ त्या गर्दीतला नाही.

त्यापेक्षा मला कामाचा वाटतो तो २०२० मध्ये आलेला अमेरिकेतला अभ्यास. दीड हजारांवर लोक, निम्म्यांची किडनी दवाखान्यात असताना अचानक बिघडलेली. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन मोजलं. पुढे कोणाची किडनी घसरणार, हे सांगण्यात तो आकडा फार मोलाचा ठरला. पैसे किती लागतात? काही शे रुपये. आणि हीच तपासणी सांगायची राहते. डिस्चार्ज कार्डावर सापाचं नाव असतं, प्रतिविषाच्या बाटल्यांचा हिशेब असतो, आणि खाली ‘त्रास झाल्यास दाखवणे’. किडनीला त्रास होत नाही हो, तीच तर अडचण आहे. सात दिवसांच्या आत बिघडते ती ‘अ‍ॅक्युट’, तीन महिन्यांपुढे राहते ती ‘क्रॉनिक’, आणि मधल्या काळात पेशंट कुणाचाच नसतो. सर्जनचा नाही, फिजिशियनचा नाही, आमच्याकडे तर आलेलाच नसतो.

आता काय करायचं ते.

पहिलं, लघवीची एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. सकाळच्या पहिल्या लघवीची, ताप किंवा जड काम नसलेल्या दिवशी. पट्टीवरचे दोन प्लस हा नुसता इशारा आहे. एसीआर ३०० च्या वर आली तर आपण जोरात लागायचं, ३० च्या आत आली तर मी बराच निश्चिंत होईन. सोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर. डायलिसिस झालेलं आहे म्हणून हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या.

दुसरं, बीपी. एका शिबिरातल्या एका आकड्यावर गोळी लावत नाहीत. घरी मशीन आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. मी अशा पेशंटला १३०/८० च्या खाली आणायला बघतो, आणि चक्कर येत नसेल तर आणखी खाली. अल्ब्युमिन असल्याने टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या जातीची गोळी पहिली, कारण ती गाळणीतला दाब उतरवते. एक सावधगिरी: ही गोळी सुरू केली की क्रिएटिनिन थोडं वाढतं. दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. क्रिएटिनिनची वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी चालू ठेवायची. ‘किडनीची गोळी घेतली आणि क्रिएटिनिन वाढलं’ म्हणून घरच्या घरी बंद केलेले पेशंट मला दरवर्षी भेटतात. बंद करायची ती जुलाब, उलट्या, ताप यांनी अंग सुकत असेल तेव्हा, तेवढे दिवस. खायला-प्यायला लागल्यावर परत सुरू. डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी आता मधुमेह नसलेल्यांनाही अल्ब्युमिनसाठी देतात. ती तुमच्या भावाला लागेल का, हे एसीआर ठरवेल.

तिसरं, आणि हे मी तळमळीने सांगतो: दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं. लावणीच्या दिवसांत कंबर धरते, मग डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, नाहीतर ‘एक सुई मारा डॉक्टर, उद्या उभं राहायचंय’. या औषधांनी किडनीला रक्त नेणारी नळी आकसते. आधीच तंगी असलेल्या किडनीला, उन्हात घाम गाळल्यावर, वर टेल्मिसार्टन चालू असताना ती पडली तर एका आठवड्यात दुसरा अ‍ॅक्युट घाव होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, मलम, शेक. तसंच ‘किडनी साफ करणारा’ काढा किंवा भस्म कुणी आणून दिलं तर नम्रपणे बाजूला ठेवा. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. कोकणात हे अवघड आहे, कळतं मला. सुकी मासळी, लोणचं, पापड, खारातली आंबोशी, सगळं चवीपुरतं ठेवा. ताजी मासळी खाऊ दे. प्रथिनं तोडून टाकायची गरज नाही, फक्त जिमवाल्यांची पावडर नको. शहाळ्यावरून भांडण झालंय असं लिहिलंय तुम्ही. त्याचं पोटॅशियम ४.६ असताना अधूनमधून एक शहाळं चालतं. चालत नाही ते लघवी बंद असताना, आणि नेमकं तेव्हाच नातेवाईक उशाशी शहाळी रचून ठेवतात. पाणी तहानेप्रमाणे. चार-पाच लिटर पाणी रिचवल्याने वण धुतला जात नाही.

पुन्हा डायलिसिस लागेल का? एका रिपोर्टवरून सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो चांगलं सांगो की वाईट. मला दर तीन महिन्यांचे असे चार आकडे द्या, मग रेष कुठे चाललीय ते दिसेल. ईजीएफआर ५६ असलेली माणसं कामं करतात, मुलांची लग्नं लावतात आणि दुसऱ्याच कशाने तरी म्हातारपणी जातात. काहींचा आकडा मात्र दरवर्षी पाच-सहाने उतरतो. अल्ब्युमिन आणि बीपी ताब्यात आलं, तर तो पहिल्या प्रकारात राहण्याची शक्यता बरीच वाढते. प्रत्यारोपणाबद्दल आत्ताच कुणा नातेवाइकाला विचारू नका.

आणि शेत. उतरू दे. माणूस घरात बसवून किडनी सुधारत नाही. पण गमबूट घालूनच, हातात काठी, रात्री पाणी वळवायला जाताना बॅटरी. एकदा घोणस चावली म्हणून अंगात विषाला प्रतिकार तयार होत नाही. पुन्हा चावली तर पट्टा आवळत बसू नका, मांत्रिकाकडे तर नाहीच, थेट दवाखान्यात. तिथे आधी प्रतिविष घेतल्याचं आणि किडनीचं, दोन्ही सांगा. साप एवढा वारंवार येत नाही. मला जास्त धास्ती आहे ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. चिखलात अनवाणी, पायाला चिरा, आणि शेतात उंदरांचं मूत. हा ताप नेमका किडनीवरच उतरतो, आणि पहिल्या घावाच्या वणावर दुसरा घाव बसला की भरून यायला जागाच उरत नाही. लावणीच्या हंगामात आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे या गोळ्या देतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त आणि क्रिएटिनिन.

एसीआर आणि आठवड्याचं बीपी हातात आलं की जवळच्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, दाखवा. जाताना डिस्चार्ज कार्ड, डायलिसिसच्या नोंदी आणि तेव्हाची सोनोग्राफी न विसरता घ्या. चावल्याच्या आठवड्यातला किडनीचा आकार त्या जुन्या कागदावर असेल, तर माझी वरची शंका खरी की खोटी हे तिथेच मिटेल.